मळीचे रान आणि लवणातले रान

नदीकाठची जमीन म्हणजे सर्वांत सुपीक जमीन, हा समज आपल्याकडे इतका दृढमूल झालेला आहे की, त्या जमिनीतही पोटभेद असतात आणि त्यांतील एखादा भेद वर्षानुवर्षे राबणाऱ्या शेतकऱ्याला कर्जबाजारी करण्याइतका कठोर असू शकतो, ही गोष्ट काठापासून दूर राहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. माझी उमेदीची वर्षे एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविण्यात गेली. सेवानिवृत्तीनंतर मी वाळवे तालुक्यातील कृष्णाकाठच्या आमच्या गावी येऊन राहिलो आणि वाटणीत आलेली जमीन पुतण्याच्या साह्याने कसू लागलो. ही जमीन दोन ठिकाणी आहे. एक तुकडा नदीच्या थडीला लागून असलेल्या मळीत, आणि दुसरा तिथून आत, गावाच्या अंगाला, ज्या सखल पट्ट्याला सारा गाव ‘लवण’ म्हणतो त्यात. मळीचे रान पुराच्या तोंडी, म्हणून वडील दर पावसाळ्यात त्याच्याच काळजीत असत. लवणातल्या रानाची चिंता घरात कोणी केल्याचे मला आठवत नाही.

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात, तिथे कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर चढले. आमचे गाव सांगलीच्या वरच्या अंगाला; तरी आमची दोन्ही राने त्या पुरात बुडाली, आणि पाणी ओसरले तेव्हा दोहोंवरही गाळाचा नवा थर बसलेला होता. पंचनामे झाले, तलाठ्याच्या दप्तरात दोन्ही गटांपुढे सारखाच मजकूर पडला. पण पुढे दोन्ही रानांची वाट निराळी झाली. दसऱ्याच्या सुमारास मळीत पाय रुतेनासा झाला, वरचा पोयटा सुकून भुसभुशीत झाला आणि पुतण्याने तिथे वांग्याची लागण केली; कृष्णाकाठच्या वांग्यांचा लौकिक ज्या मातीवर उभा आहे, ती ही माती. लवणातले रान मात्र दिवाळी सरली, मार्गशीर्ष लागला, तरी घातीवर येईना. वरून पाहावे तो पांढुरकी, कडक पापडी धरलेली. तीवर पाऊल दिले की ती मोडे आणि खालचा ओला थर डुचमळे. उसाचा खोडवा पिवळा पडून जागच्या जागी खुरटला. पुतण्याने दोनदा युरिया टाकून पाहिला. पानांवर त्याची खूणही उमटली नाही. “काका, नदीजवळचं रान आधी सुटलं आणि हे लांबचं अडकलं, हे कसं काय?” असे त्याने एके दिवशी विचारले, आणि त्या प्रश्नाचा छडा लावण्याचे मी मनावर घेतले.

या प्रश्नाचे उत्तर पुराच्या वागण्यातच आहे. नदी पात्राबाहेर पडते त्या क्षणी तिचा वेग मंदावतो, आणि वेग मंदावताच ज्याचे वजन अधिक ते आधी खाली बसते. म्हणून रेती आणि जाडसर पोयटा थडीपाशीच पडतो, आणि पाण्यात दीर्घकाळ तरंगणारे सूक्ष्म कण पाण्याबरोबर आत जाऊन, जिथे पाणी निश्चल होते, तिथे सावकाश तळाशी बसतात. प्रत्येक पुरागणिक हीच क्रिया होत गेल्यामुळे थड हळूहळू उंचावते आणि तिच्या पाठीमागची भूमी त्या मानाने सखल राहते. नदीपासून दूर जावे तसतसे चढत जावे, ही आपली सर्वसाधारण कल्पना पूरमैदानाला लागू पडत नाही. तिथे थडीवरून गावाकडे निघालेला माणूस आधी काही अंतर उतरतो आणि मगच गावठाणाच्या उंचवट्यावर चढतो. हा मधला उतार इतका सौम्य असतो की डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो. लवणात शिरलेल्या पाण्याला नदीकडे परतण्याची वाट थडीच्या उंचवट्याने बंद केलेली असते. त्याला जाण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नदीला समांतर वाहत जाऊन बऱ्याच खाली तिला मिळणारा ओढा.

माघात आम्ही लवणातल्या रानाच्या मध्यावर पुरुषभर खोलीचा खड्डा घेतला. वरची वीतभर माती उदी रंगाची होती. ओली करून बोटांत चोळली तर मैद्यासारखी मऊ, गुळगुळीत लागे, पण चिकणमातीप्रमाणे तिची लांब पट्टी निघत नसे. हा पोयट्याचा स्वभाव. त्याच्या कणांचा व्यास मिलिमीटरच्या 0.002 ते 0.05 इतका, रेतीचा मोकळेपणा त्यात नाही आणि चिकणमातीची परस्परांना धरून ठेवण्याची शक्तीही नाही. पावसाच्या थेंबांनी अशी माती चटकन विरघळते, सुटलेले कण पृष्ठभागावरची रंध्रे बुजवितात आणि सुकताना तिची पापडी बनते. पापडीखाली नांगराच्या तळाशी चार बोटे जाडीचा घट्ट थर लागला; पहार त्याच्यावर आपटून वाजली. ओलसर रानात वर्षानुवर्षे अवजड यंत्रे फिरल्याने तो दाबला गेला होता, आणि वरचे पाणी त्याच्यावरच तुंबून राहत होते.

त्याखालची भिंत मात्र निरखून पाहण्याजोगी होती. दोन हातांच्या खाली उदी रंग विरत जाऊन राखाडी छटा सुरू झाली होती, आणि त्या राखाडीत तांबूस-पिवळे ठिपके व उभ्या बारीक रेघा विखुरलेल्या होत्या. मातीला उदी आणि तांबूस रंग देणारे द्रव्य म्हणजे लोहाची संयुगे. रंध्रांत हवा खेळते तोवर ती टिकून राहतात. पण रंध्रे पाण्याने भरली की मातीतले जीवाणू उरलेला प्राणवायू थोड्याच अवधीत संपवितात, आणि मग श्वसनासाठी प्रथम नायट्रेटवर, नंतर मँगॅनीज व लोहाच्या संयुगांवर अवलंबून राहतात. लोहाचे असे क्षपण झाले की ते पाण्यात विरघळून हलू लागते आणि माती राखाडी पडते. जिथे एखाद्या कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून हवेचा शिरकाव होतो, तिथे तेच लोह पुन्हा गंजून रेघ उमटविते. मँगॅनीजचे दोन-तीन मिलिमीटरचे काळे खडेही ठिकठिकाणी रुतलेले होते. आम्ही उकरलेले ढेकूळ फोडले की कुजकट वास येई. खड्ड्याच्या तळाशी दुसऱ्या दिवशी घोटाभर पाणी साचले, आणि तेव्हा पावसाळा संपून कितीतरी काळ लोटला होता. या रंगांवरून एवढे स्पष्ट झाले की पाणी तुंबण्याचा प्रकार त्या एका पुराचा नव्हता. असे ठिपके उमटायला ओल आणि वाळवण यांचे अनेक फेरे व्हावे लागतात.

टाकलेल्या युरियाचा हिशेबही इथेच लागला. युरियापासून मातीत तयार झालेले नायट्रेट प्राणवायूच्या अभावी जीवाणूंनी वापरून टाकले आणि त्यातला नत्र वायुरूपाने हवेत परतला. शिवाय गुदमरलेली मुळे उरलेले अन्न शोषून घेण्यास असमर्थ झाली होती. भाताच्या मुळांना पानांकडून आतल्या पोकळ्यांवाटे हवा मिळते, म्हणून ते पीक चिखलात सुखाने उभे राहते. सोयाबीन, हरभरा यांना ती सोय नाही, आणि ऊसही फार काळ तग धरीत नाही. पोयट्याचा आणखी एक गुण उन्हाळ्यात अवगुण ठरतो. त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी केशाकर्षणाने एक मीटरहूनही वर चढते, पृष्ठभागाशी येऊन त्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेले क्षार वर साचतात. पाणथळ जमीन कालांतराने क्षारपड होते ती अशी. उपसा सिंचनाने बारमाही ऊस पिकविणाऱ्या आमच्या टापूत पाण्याच्या अतिरेकाने या क्रियेला वेग आला आहे.

इथे एका जुन्या पद्धतीचे स्मरण होते. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरापासून जी पैमाश सुरू केली आणि जिचे नियम 1847 च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, तीत मुंबई इलाख्यातील जमिनीची प्रतबंदी नऊ प्रतींत केलेली होती. खोली आणि रंग पाहून प्रत ठरे, पहिली प्रत सोळा आण्यांची. आणि वाळूचे मिश्रण, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने खरवडले जाणे, भूपृष्ठावर पाझरणाऱ्या पाण्याने अतिरिक्त ओल राहणे यांसारख्या दोषांना स्वतंत्र खुणा होत्या. दोष आढळला की प्रत खाली उतरे. हेतू साऱ्याची आकारणी हा होता, हे खरे. पण त्यासाठी पैमाशदाराला जमिनीत खणून पाहावे लागे. आज सातबाऱ्यावर माझ्या दोन्ही गटांपुढे ‘बागायत’ एवढाच शेरा आहे. त्यावरून कर्ज मिळते, किंमत ठरते, आणि भिंतीतल्या राखाडी रंगाची दखल कुठेच घेतली जात नाही.

उपाय ठरविताना माती आणि पाणी दोन्ही तपासून घेतली. क्षार वाढू लागलेले होते, पण सोडियमचे वर्चस्व नव्हते. तेव्हा जिप्समवर खर्च न करता पाण्याला वाट देणे, हाच पहिला इलाज ठरला. अशा जमिनींच्या निचऱ्याचे काम कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात दीर्घकाळ चाललेले आहे, आणि आमच्या भागात जमिनीखालून सच्छिद्र नळ्या घालण्याची रीत आता रुळली आहे. पोयट्याच्या रानात या कामी विशेष सावधगिरी लागते. उघडा चर काढावा तर त्याच्या उभ्या कडा ओल्या होताच ढासळतात, म्हणून कडांना भरपूर उतार द्यावा लागतो आणि तितकी जमीन वाया जाते. नळी घालावी तर कणांना धरून ठेवणारी शक्ती नसल्यामुळे पोयटा छिद्रांवाटे आत शिरतो आणि थोड्याच हंगामांत नळी बुजते, म्हणून तिच्याभोवती गाळणीचे कापड गुंडाळणे अपरिहार्य असते. आम्ही चार फुटांवर नळ्या घातल्या, दाबलेला थर खोल नांगरटीने फोडला, आणि ताग गाडून मातीत सेंद्रिय द्रव्य वाढविण्यास आरंभ केला.

खरी अडचण निराळीच होती. नळ्यांतून निघालेले पाणी जायचे कुठे? गावाच्या जुन्या नकाशात ओढ्याची रेघ स्पष्ट आहे. प्रत्यक्षात खालच्या एका शेतकऱ्याने तो बुजवून त्यावर उसाच्या सऱ्या पाडल्या होत्या. नैसर्गिक जलप्रवाहाला केलेला असा अडथळा दूर करविण्याचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने मामलेदाराला दिलेला आहे. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. ती मुदत कधीच उलटून गेलेली होती, आणि तकरारीचा तो मार्ग मलाही नको होता. आम्ही लवणातले सारे खातेदार नकाशा घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, पाणी माझ्या रानातनं जाणार, तर माझं रानबी तुमच्यासंगं सुटलं पायजे.” मागणी न्याय्य होती. ओढा सर्वांच्या वर्गणीने उकरला गेला आणि त्यांच्या रानातही नळ्या पडल्या.

2021 च्या जुलैत कृष्णेला पुन्हा महापूर आला आणि दोन्ही राने पुन्हा बुडाली. त्या वर्षी लवणातले रान दिवाळीपूर्वी घातीवर आले आणि त्यात हरभरा पेरता आला. मळीच्या रानाची बरोबरी ते कधी करणार नाही. त्याची घडण नदीनेच वेगळी केली आहे. पण माझी काठावरच्या शेतकरी बंधूंना विनंती आहे की, खताचे पोते उचलण्याआधी रानाच्या सर्वांत सखल जागी पुरुषभर खड्डा घ्या आणि त्याच्या भिंतीचा रंग पाहा. आणि तिथे राखाडी आढळली, तर गावाच्या नकाशात आपला ओढा कुठे होता, हे सर्व शेजाऱ्यांनी मिळून शोधा. एकट्याच्या बांधात निचऱ्याचा प्रश्न सुटत नाही.