जिवाणी कुठे सोडतेस?

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो कोस दूरच. तरीही गेली काही वर्षे माझा दिवस सागरजलातील सूक्ष्मजीवांच्या सहवासात जातो. त्या जीवांना मी पाहत नाही. त्यांच्या पेशींतून वाचलेली जनुकांची अक्षरमाला संगणकावर जुळवते आणि कोणत्या पाण्यात कोणती कुळे नांदतात, याचा शोध घेते. समुद्रावर जाणारे वेगळे, मजकुराची उकल करणारे वेगळे. आपल्या शेजारच्या गोव्यात, दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मार्च २०२१ मध्ये तिचे ‘सिंधू साधना’ हे जहाज याच हेतूने विशाखापट्टणमहून हिंदी महासागराच्या मोहिमेवर निघाले. सुमारे ९० दिवस आणि ९,००० सागरी मैल असा तो बेत होता.

या शास्त्राचा पाया मोठा विलक्षण आहे. समुद्रातील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतील काचपात्रात वाढतच नाहीत. म्हणून त्यांना वाढविण्याचा हट्ट सोडून, पाणी गाळून त्यातील सर्वांचीच जनुके एकत्र वाचण्याची वाट शास्त्रज्ञांनी धरली. २००४ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या गटाने सारगासो समुद्राच्या पाण्यातून बारा लाखांहून अधिक नवी जनुके प्रसिद्ध केली. मला मात्र त्याहून मोहविते ती प्रोक्लोरोकॉकसची कथा. सूर्यप्रकाशावर जगणारा हा इवलासा जिवाणू १९८० च्या दशकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हता; सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी तो उजेडात आणला. २०१४ मध्ये बर्म्युडाजवळच्या पाण्यातील याच्या एकेका पेशीची जनुके स्वतंत्रपणे वाचली गेली, तेव्हा दिसले की थोड्याशा थेंबांत त्याची शेकडो उपकुळे एकत्र राहतात आणि ती लाखो वर्षांपूर्वीच एकमेकांपासून विभक्त झालेली आहेत. काही जनुके सर्वांना समान, उरलेली ज्याची त्याची. ऋतू पालटला की कुळांचे प्रमाण पालटते. ज्याला आपण एक जीव समजत होतो, तो एक गावच निघाला.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगत होते. आजीचे सारे आयुष्य इतवारीतल्या वाड्यात गेले. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे, गाळण्यावर उरलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सोडायचे. तेही उंचावरून टाकायचे नाही, बुडाला कडी असलेली बादली पाण्याला टेकवून अलगद उलटी करायची, हा तिचा नित्यनेम. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “गाळण्यावर जे राहतं, ते कुठे सोडतात?”

गाळणीची छिद्रे ०.२२ मायक्रॉनची, तिच्यावर राहिलेले जिवाणू गोठवून ठेवतात आणि पेशी फोडल्याशिवाय जनुके हाती येत नाहीत, हे मी सांगितले. एका लिटर पाण्यात ते सुमारे शंभर कोटी असतात, हेही सांगितले. “पण आजी, मी गाळत नाही. गाळणारे दुसरे.”

“अनुमोदना तर आहेच ना,” ती म्हणाली आणि माळ घेऊन बसली.

कृत, कारित, अनुमोदना हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. पण संगणकासमोर बसलेल्या माणसाला ते इतके नेमके लागू पडतील, असे मला वाटले नव्हते. आपल्याकडे एक सोपी पळवाट आहे. ‘विज्ञानाने आज शोधले ते आमच्या आचार्यांनी केव्हाच सांगितले’ असे म्हणून मोकळे व्हायचे. मला हे पटत नाही. अप्कायिक जीवाचे शरीरच जल असते. जिवाणू जलात राहतो. दोन वेगळ्या विचारांना एकाच खुंटीवर टांगल्याने दोहोंचाही मान राहत नाही. (‘जिवाणी’ आणि ‘जिवाणू’ यांत एकाच स्वराचे अंतर आहे, एवढी गंमत मात्र मराठीने करून ठेवली आहे.)

मग हे काम कशासाठी? अरबी समुद्रात पृष्ठभागाखाली शे-दीडशे मीटरपासून प्राणवायू जवळजवळ संपलेला एक विस्तीर्ण थर आहे. तेथील जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात. त्यातून नायट्रोजन सुटतो आणि काही अंशी पृथ्वीचा ताप वाढविणारा नायट्रस ऑक्साइडही. पाणी तापत गेले तर या कुळांचे काय होईल आणि त्यांच्यापायी मासळीपासून माणसापर्यंत सर्वांचे काय होईल, हे त्यांची ओळख झाल्याविना कळणार नाही. हे उत्तर आजीलाही दिले. तिचे समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झालेले नाही.

मात्र काम करण्याची रीत बदलली. ‘तारा’ या फ्रेंच शिडाच्या जहाजाने २००९ ते २०१३ या काळात महासागर पालथे घातले. त्याच्या २४३ नमुन्यांतून चार कोटींहून अधिक जनुकांची सूची २०१५ मध्ये निघाली आणि ती सर्वांना खुली आहे. गाळणे एकदा, वाचणे कितीही वेळा. नव्या नमुन्याची मागणी करण्याआधी त्या प्रश्नाचे उत्तर जुन्या नोंदींत आहे का, हे मी शेवटच्या ओळीपर्यंत धुंडाळते. सहकाऱ्यांना हा कंजूषपणा वाटतो.

येत्या मोसमासाठी मला पाण्याचे किती नमुने हवेत, अशी विचारणा आली आहे. मला हवा असलेला थर जुन्या नोंदींत आहे, पण हवा तो ऋतू अजून सापडलेला नाही. तीन संच वाचायचे राहिले आहेत. आकडा त्यानंतर कळवीन.