अण्णांचा कान

आमच्या अण्णांचे गॅरेज आहे. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, डोळे मिटून इंजिन ऐकायचे, की झाले काम! १ भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे गणित त्यांना कुणी शिकवले नव्हते.

परवा दादाने एका गिऱ्हाइकाच्या २०१२ सालच्या डिझेल गाडीला लॅपटॉप जोडला. डिझेल किती फवारायचे, केव्हा, टर्बोचा दाब किती, याचे तक्तेच म्हणे गाडीतल्या संगणकात असतात. त्याने आकडे वाढवले. गाडी वाऱ्यासारखी सुटली! (पीयूसीचे काय, हे मीही विचारले नाही.) चढावर मात्र मागून काळाकुट्ट धूर निघाला.

"डिझेल जास्त सोडलंस रे," अण्णा एवढेच म्हणाले. दादाने मुकाट्याने पुन्हा लॅपटॉप उघडला.