तेरणाकाठचा मुक्काम

तेरच्या प्राचीन महावीर मंदिरात दर्शन घेऊन लातूरचे ते व्यापारी दांपत्य मोटारीने तेरणेच्या प्रवाहाच्या दिशेने निघाले. माकणीला निम्न तेरणा धरणाच्या जलाशयाकाठी तंबू लागला. सूर्यास्तापूर्वीच दशम्यांचे जेवण उरकले.

तेथे मुक्काम करण्यास पत्नीचा विरोध होता. सास्तूर हे तिचे माहेर. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव झोपले असता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात माळवद कोसळून तिचा धाकटा भाऊ गेला. पुढे काही भूशास्त्रज्ञांनी याच जलाशयाकडे बोट दाखविले, इतरांनी ते अमान्य केले. पाणी दोषी असो वा नसो, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी माणसे मारली, हे मात्र निर्विवाद.

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली. तंबू हलवायचा का, असे पतीने विचारले. तिने मानेनेच नकार दिला.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. बोरी नदी भरली होती. किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळत होते आणि त्या बंधाऱ्याच्याच पोटात आदिलशाही काळातील पाणीमहाल शाबूत उभा होता. त्याच्या गवाक्षापाशी, समोर पाण्याचा पडदा असताना, ती भावाविषयी बोलू लागली.