येरळेची वाळू

औंधहून वडूजकडे निघालं की येरळा भेटते. पुढे ती सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने पात्रात पाणी दिसत नाही, म्हणून लोक तिला कोरडी नदी म्हणतात. नदीपात्रांचा अभ्यास करणाऱ्या मला हे मान्य नाही. येरळेचं पाणी वाळूच्या पोटात असतं. उन्हापासून वाचलेलं हेच पाणी काठच्या विहिरींना पाझरतं.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट वाळू. कणांमधली पोकळी एक तृतीयांश धरली, तर तीत नऊशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. तीन ब्रासचा डंपर भरून गेला, की अडीच हजार लिटरांहून जास्त पाण्याची जागा पात्रातून गेली.

पण खड्डा खणला तिथेच राहत नाही, हे वाळूचा लिलाव करणाऱ्यांच्या गावीही नसतं. पुराचं पाणी खड्ड्यात उतरताना वरच्या कडेला वेग घेतं, ती कड खात सुटतं आणि ती पायरी उगमाकडे सरकत जाते. पाण्याबरोबरची वाळू खड्ड्यात बसते. पुढे निघालेलं पाणी रिकाम्या हाताचं. ते खालचा तळ उकरतं. उपसा एका गावात झाला तरी तळ दोन्हीकडे खचतो. काठ उंच आणि उभे होतात, पायथा सुटला की शेतासकट ढासळतात. नदी खोल गेली म्हणून तिला मिळणारे ओढेही खोल जातात, आणि नदीपासून लांबच्या रानातही घळी पडू लागतात. पुलांचे पाये उघडे पडतात ते वेगळंच. पोर्तुगालमध्ये मार्च २००१ मध्ये डोरो नदीवरचा जुना पूल कोसळून ५९ माणसं गेली. पायाखालची धूप आणि वर्षानुवर्षांचा वाळूउपसा त्याला कारण ठरला.

येरळेला ही झीज भरून काढणंही अवघड. मोठे पूर मोजके, आणि वरून येणारी जाड वाळू नेर, येरळवाडीच्या जलाशयांत अडते.

तरीही वाळूला हातच लावू नये, असं मी म्हणणार नाही. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून ठेकेदारांच्या उपशाला विरोध केला. मग मोजकीच वाळू स्वतः विकून, त्या पैशाच्या आधाराने येरळेवर बळीराजा स्मृती धरण बांधलं. पाणीवाटपात भूमिहीनांचाही हक्क धरला. नदीचा माल नदीकाठीच लागला, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरांखालच्या वाळूउपशाच्या पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी सक्तीची केली. पण कागदावरचा ब्रासचा आकडा पात्र किती खचलं ते सांगत नाही. त्यासाठी ठरलेल्या जागी पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राचा आडवा छेद मोजायला हवा. जेवढी वाळू नव्याने आली, तिच्यातलाच काही भाग उचलावा. आली नसेल त्या वर्षी लिलाव काढू नये. ही मोजणी पातळी मोजायची दुर्बीण आणि पट्टी घेऊन गावची शिकलेली पोरं करू शकतात. तिची वही ग्रामसभेत वाचली जावी, आणि लिलावाची तारीख त्यानंतरच ठरावी.