फळ्यावरची नावे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी शब्दकोश उशाशी घेऊन एक इंग्रजी कादंबरी वाचली. केन केसी या अमेरिकन लेखकाची, १९६२ सालची. 'वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट' हे तिचे नाव. आता आपली कोकिळा घरटे बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालून मोकळी होते. पण अमेरिकेच्या बोलीत 'कुकू' म्हणजे डोके फिरलेला, आणि त्याचे घरटे म्हणजे वेड्यांचे इस्पितळ. केसीने स्वतः कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या इस्पितळात मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळी केली होती. त्यामुळे तिथल्या रात्री त्याला मनाने रचाव्या लागल्या नाहीत.

कादंबरीतले इस्पितळ मात्र ओरेगॉनमधले. तिथे मॅकमर्फी नावाचा एक आडदांड कैदी येतो. शेतावरची सक्तमजुरी चुकवण्यासाठी वेडाचे सोंग घेऊन आलेला. आल्या आल्या खदखदा हसतो, प्रत्येकाशी हात मिळवतो, पत्ते पिसतो. त्या वॉर्डात माणसाचे मोकळे हसणे कित्येक दिवसांत कोणी ऐकलेले नसते. वॉर्डावर राज्य रॅचेड नावाच्या नर्सचे. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, चेहऱ्यावर ठरावीक हसू. तिने टेबलावर एक वही ठेवलेली असते. दुसरा रुग्ण काही बोलला तर ते त्या वहीत लिहावे. जो लिहील त्याला दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपायची मुभा.

त्या वहीपाशी आलो आणि मी पुस्तक मिटले.

माझ्या वर्गात वही नाही, फळा आहे. मी बाहेर गेलो की मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा अर्ध्या वर्षात दाखल झाला. वडिलांच्या बदलीमुळे आलेला, उंच, बडबड्या. तिसऱ्याच दिवशी मी वर्गात परतलो तो फळ्यावर पाच नावे, आणि त्यांच्याखाली वेगळ्या अक्षरात सहावे : 'सर (व्हरांड्यात)'. मी खरोखरच व्हरांड्यात दुसऱ्या मास्तरांशी मोठमोठ्याने बोलत होतो. वर्ग फिदीफिदी हसला.

मी त्याला मारले नाही. आवाजही चढवला नाही. शांतपणे म्हटले, "आज खेळाचा तास बंद. सगळ्यांचा." मग त्याच्याकडे पाहिलेही नाही. पुढचे काम वर्गाने केले. डब्याच्या सुट्टीत त्याच्याजवळ कोणी बसेना. वार्षिक परीक्षेपर्यंत तो इतका गप्प झाला, की मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तनात चांगली सुधारणा' असे लिहिले. निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात.

वाचताना मी अर्थातच मॅकमर्फीच्या बाजूने होतो. बेसबॉलचे सामने टेलिव्हिजनवर पाहू द्यावेत म्हणून तो मते मागतो. वीस हात वर होतात. पण बाई म्हणतात, वॉर्डात चाळीस जण आहेत, बहुमत झाले नाही. उरलेल्यांपैकी पुष्कळांना आपण कोठे आहोत याचेही भान नसते! अखेर मुक्याबहिऱ्याचे सोंग घेतलेला धिप्पाड ब्रॉम्डन हात वर करतो. तोच ही गोष्ट सांगतो आहे. तर बाई म्हणतात, सभा संपली. मी उशीवर मूठ आपटली. मूठ आपटताना ते प्रगतिपुस्तक आठवले. (केसीने हुकमतीला बाईचेच रूप का दिले, हे मात्र मला रुचले नाही. पुरुष मास्तरही यात मागे नसतात.)

पण या पुस्तकाचे खरे मर्म मला दुसरीकडेच वाटते. एके दिवशी मॅकमर्फीला कळते, की इथून आपली सुटका बाईच्या मर्जीवर आहे. आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना मात्र कोणी डांबलेलेच नाही. मनात आणले तर ते आज घरी जाऊ शकतात. जात नाहीत, धीर होत नाही. ज्यांच्यासाठी तो भांडत होता, ते आपल्या पायांनी आत राहिलेले! तो काही दिवस मऊ पडतो. मग पुन्हा उठतो आणि त्याची जबर किंमत मोजतो. बाई अखेर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवतात. ही शस्त्रक्रिया शोधणाऱ्या पोर्तुगीज डॉक्टर मोनिझ यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, हे वाचून मी सुन्न झालो. १९७५ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला, त्याला पाच ऑस्कर मिळाली. मी तो अजून पाहिलेला नाही; धीर होत नाही म्हणा.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी मला ऑफिसातून बोलावणे आले. मी उठताच मॉनिटर सवयीने खडू घेऊन फळ्याशी उभा राहिला.

"नको," मी म्हटले. "आजपासून नावे लिहायची नाहीत."

"मग सर, मी काय करू?"

"जागेवर बस. बोल शेजाऱ्याशी."

तो गोंधळून बसला. मी बाहेर पडलो आणि व्हरांड्यात खांबाआड जरा थांबलो. आत साठ मुले होती. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.