एकवीस बाइटांचा नमस्कार

"मराठी साहित्याच्या मुलीला त्या काळ्या खिडकीत काय काम गं?" असं मैत्रिणी विचारतात. माझं उत्तर एकच, तिथे भाषांतर चालतं. घरी कोंकणी, बाजारात कन्नड, कॉलेजात मराठी आणि इंग्रजी. आम्हा बेळगावकरांना भाषांतराची सवय वेगळी लावावी लागत नाही.

साध्या एडिटरमध्ये सी भाषेतला पाच ओळींचा प्रोग्राम लिहून सेव्ह करायचा. मग टर्मिनलमध्ये आधी 'जीसीसी', मग फाइलचं नाव, मग उणे चिन्हाला जोडून 'ओ' आणि शेवटी तयार प्रोग्रामला द्यायचं नाव, हे सगळं रोमन अक्षरांत टाइप करायचं. एंटर दाबलं की मागवलेल्या हेडर फाइली जोडल्या जातात, सीचं असेंब्लीत आणि असेंब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर होतं, शेवटी लायब्ररीशी जोडणी होते. लिनक्सवर तो चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायची, म्हणजे 'याच फोल्डरमधला'.

कंपायलर गप्प राहिला तर घाबरू नका, काम झालंय. एरर आल्या तर सगळ्यात वरची आधी वाचा, तिच्यात ओळीचा नंबर असतो. एक अर्धविराम राहिला तरी चार-पाच एरर येऊ शकतात. पहिली दुरुस्त केली की बाकीच्या बऱ्याचदा आपोआप जातात.

मी प्रोग्रामात दुहेरी अवतरणात 'नमस्कार' लिहिलं आणि 'स्ट्रलेन' या फंक्शननं त्याची लांबी मोजली. उत्तर आलं २१! आपल्या हिशेबी अक्षरं चार: न, म, स्का, र. युनिकोडच्या हिशेबी सात, कारण स, हलन्त, क आणि काना वेगवेगळे. यूटीएफ-८मध्ये त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. 'स्ट्रलेन' बाइट मोजतं, अक्षरं नाही. इंग्रजी 'हॅलो' मात्र पाच अक्षरांचं आणि पाचच बाइटांचं.

हा नुसता गमतीचा हिशेब नाही. कुणी फॉर्ममध्ये नावासाठी वीस बाइट ठेवले, तर इंग्रजी नाव मावेल आणि मराठी नाव मध्येच तुटेल. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं, तेव्हा देवनागरी खिळे नव्हते. मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. आज लिपी आहे. पण तिला जागा किती लागते, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक हवं. काना, मात्रा, जोडाक्षर आपल्याला शिकवावं लागत नाही. मग त्या काळ्या खिडकीत आपण का बसू नये?