पंधरा वर्षांची क्लासिक आणि ताम्हिणीची परीक्षा

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० बाजारात आली २००९मध्ये. लूक जुना, पण इंजिन नवं! पहिल्या बोनसच्या जोरावर तेव्हा ज्यांनी ती दारात उभी केली, त्यांच्या गाडीची पंधरा वर्षं आता भरलीत. म्हणजे आरटीओत जाऊन फिटनेस दाखवा, पर्यावरण कर भरा, तेव्हा कुठे पुढच्या पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन. त्यात २०२१ची नवी, कमी थरथरणारी क्लासिक खुणावतेय. मग जुनी ठेवायची की काढून टाकायची?

उत्तर हवं असेल, तर एका शनिवारी पहाटे चांदणी चौकातून निघा आणि ताम्हिणीमार्गे दिवेआगर गाठा. दीडशे किलोमीटरच्या थोडं वर. गाडीची सगळी प्रगतिपुस्तकं याच रस्त्यावर मिळतात.

पहिला पेपर घराखालीच. सकाळी थंड इंजिनला थेट सेल्फ मारू नका, किक मारा. बॅटरी मलूल असताना सेल्फ दाबत राहिलं, की आतला स्प्रॅग क्लच मार खातो. आणि तो बदलायचा म्हणजे खिसा हलका!

पिरंगुट, पौड मागे टाकलं की मुळशीचं पाणी दिसायला लागतं. इथे साठ-सत्तरच्या स्पीडला ठेवा आणि कान उघडे ठेवा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट दर थोड्या दिवसांनी सेट करावे लागायचे. या इंजिनात ते हायड्रॉलिक आहेत, ती कटकट नाही. पण व्हायब्रेशन आहेच. नंबरप्लेट, सायलेन्सर, आरसे... कुठला नट ढिला झालाय, ते इथे कळतं.

मग घाट. हिरव्या दऱ्या बघताना उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायचा मोह टाळा. मागचा ब्रेक ड्रमचा, सतत दाबून तापला की पकड सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनलाच गाडी रोखू द्या. चेन ढिली असेल तर इथेच झटके जाणवतील.

विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा. कोकणातल्या खड्ड्यांत चाकं डगमगली तर समजा, स्पोक ढिले झालेत, आऊट काढायला हवा. आणि हो, स्पोकच्या चाकात ट्यूब असते. पंक्चर झालं तर चाक खोलावंच लागतं, स्पेअर ट्यूब जवळ असू द्या.

दिवेआगरला पोहोचलात की रूपनारायणाचं मंदिर, सुपारीच्या वाड्या, घरगुती खाणावळीतले उकडीचे मोदक. जून २०२०च्या निसर्ग वादळानं इथल्या वाड्या आडव्या केल्या होत्या, त्यातून गाव पुन्हा उभं राहिलंय. जेवणं उरकली की किनाऱ्यावर चालत जा. गाडी वाळूत घालून फोटो काढायचा फंडा महागात पडतो. खारी हवा क्रोम खातेच, वाळू चेन खाते.

परत आलात की निकाल. इंजिनचा आवाज बदलला असेल तर घाबरू नका. पिस्टन, क्लच प्लेट, चेनसेट... पुण्यात नाना पेठेत पार्ट मिळतात आणि या इंजिनावर हात बसलेले मेकॅनिकही. पण टाकीखाली, स्विंगआर्मजवळ चॅसी गंजून पोखरली असेल, तर भावना बाजूला ठेवा. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेल्या चॅसीवर विसंबून घाट उतरता येत नाही. चॅसी ठणठणीत असेल, तर आरटीओची रांग लावा बिनधास्त!

निघण्याआधी
- ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघा.
- चेनला दर ५०० किलोमीटरला ल्यूब.
- क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक जादा केबल, एक प्लग, पान्यांचा सेट.
- परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, मगच कव्हर घाला.
- भर पावसात ताम्हिणीत दरडी कोसळतात. दिवाळीनंतर जाणं उत्तम.